कान्हेरीचें पाणी

मध्य रेल्वेच्या मार्गावर भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान नाहूर हें एक लहानसें स्थानक आहे. गाडी येथें क्षणभर थांबते आणि पुढें चालूं लागते. स्थानकाच्या पूर्वेस मिठागरें, खारफुटीची झाडी आणि तिच्या पलीकडे ठाण्याची खाडी; पश्चिमेस घरांच्या रांगा आणि त्यांच्या माथ्यावरून दिसणारी डोंगरांची निळसर रेघ. आपल्या गांवाजवळ पाहण्यासारखें काय आहे, असें येथल्या रहिवाशास कोणी विचारलें, तर तो बहुधा घारापुरी, वसई किंवा माथेरान यांचीं नांवें घेईल. परंतु त्या निळसर रेघेच्या आड, सरळ रेषेंत मोजलें तर सात-आठ किलोमीटरांच्या आंत, दोन मोठे तलाव आहेत, शंभरांहून अधिक लेणीं आहेत, आणि सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें एक अरण्य आहे. काखेंत कळसा आणि गांवाला वळसा म्हणतात, तो हाच प्रकार.

हीं लेणीं म्हणजे कान्हेरीचीं लेणीं. तीं पाहावयास जाणारे लोक सामान्यतः तीन प्रश्न विचारतात: लेणीं किती जुनीं, मूर्ति किती उंच आणि खांब किती? हे प्रश्न वाजवी आहेत, व त्यांचीं उत्तरें पुढें येतील. परंतु त्यांच्याही आधीं विचारावयाचा एक प्रश्न असा आहे कीं, या उघड्या कातळावर शेंकडों माणसें हजार वर्षें राहिलीं, तीं पाणी कोठून पीत होतीं? या एका प्रश्नाचें बोट धरून डोंगर चढूं लागलें म्हणजे कान्हेरीचा इतिहास उलगडतो. इतकेंच नव्हे, तर मुंबई शहराच्या इतिहासाचें एक टोकही हातीं लागतें.

प्रथम डोंगराचा स्वभाव पाहूं. साष्टी बेटाच्या मध्यावर उभा असलेला हा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा बनलेला आहे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वी दख्खनचें पठार ज्या लाव्हारसानें घडलें, त्याचाच हा एक भाग. खडक काळा, म्हणून डोंगराचें संस्कृत नांव 'कृष्णगिरि'. प्राकृतांत त्याचें 'कण्हगिरि' झालें आणि लोकांच्या तोंडीं 'कान्हेरी' राहिलें. या भागांत पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या वेळीं प्रत्येक घळींतून ओढा धांवतो, कड्यांवरून पाण्याच्या माळा लोंबतात. परंतु कातळ तें पाणी फारसें पोटांत घेत नाहीं. तें पडतें तसेंच वाहून समुद्राला मिळतें. दिवाळीनंतर ओढे क्षीण होतात आणि चैत्र-वैशाखांत घळीचा तळ भाजून निघतो. हा डोंगर वर्षांतून चार महिने जलमय असतो, पण उन्हाळा आला म्हणजे याची रीत वाळवंटाच्या डोंगरासारखी होते.

वाळवंटाचा डोंगर म्हटला म्हणजे जॉर्डन देशांतील पेट्रा या नगराची आठवण होणें साहजिक आहे. तेथेंही एका अरुंद घळींतून वाट जाते आणि दोहों बाजूंच्या तांबूस कड्यांत कोरलेलीं भव्य लेणीं दिसूं लागतात. नबाती नांवाच्या अरब लोकांनीं तें नगर वसविलें, आणि तेथील अत्यल्प पाऊस पाटांनीं, बांधांनीं व खडकांतील टांक्यांनीं साठवून राखलें. इसवी सन १०६ मध्यें रोमच्या साम्राज्यानें तें राज्य गिळलें. त्याच शतकांत कान्हेरीच्या कातळावर छिन्नी चालत होती. हें साम्य केवळ कल्पनेंतलें नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषा बोलणाऱ्या नाविक व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' या नांवानें तें पुस्तक प्रसिद्ध आहे. त्या एकाच लहानशा पुस्तकांत पेट्रा आणि तेथील राजा यांचा उल्लेख येतो, आणि आपल्या किनाऱ्यावरील कल्याण, सोपारा व चौल यांचाही येतो. दोन्ही ठिकाणचें वैभव एकाच समुद्री व्यापारावर पोसलें होतें, आणि दोन्ही ठिकाणच्या माणसांना पाण्याची किंमत सारखीच कळली होती.

साष्टी बेट या व्यापारी बंदरांच्या मधोमध पडतें. उत्तरेस सोपारा, ईशान्येस कल्याण, दक्षिणेस खाडीपलीकडे चौल. नाहूरच्या पूर्वेस दिसणारी खाडी ही त्या काळीं गलबतांची वाट होती. बौद्ध भिक्षूंना गांवांत राहणें वर्ज्य, पण गांवापासून फार दूर राहणेंही अशक्य. कारण भिक्षेवर निर्वाह. शिवाय पावसाळ्यांत फिरणें थांबवून एका जागीं 'वर्षावास' करावा, असा त्यांचा नियम. तेव्हां बंदरांपासून एक-दोन दिवसांच्या चालीवरचा हा एकांत डोंगर त्यांनीं निवडला, यांत नवल नाहीं. पावसाळ्यापुरतें राहावयाचें असेल, तर पाण्याची सोय आभाळच करतें. अलीकडच्या पाहणींत या अरण्यांत आणखी कांहीं लहान लेणीं आढळलीं. त्यांच्याजवळ पाण्याचीं टांकीं नाहींत. तीं केवळ पावसाळी वस्तीचीं असावींत, असें अभ्यासकांचें अनुमान आहे. परंतु बारा महिने राहावयाचें ठरलें म्हणजे पाण्याचा हिशेब करावा लागतो, आणि तो हिशेब कान्हेरीच्या मुख्य डोंगरावर खडकांतच मांडलेला आहे.

तो वाचण्याची रीत सोपी आहे. कोणत्याही लहान विहारासमोर उभे राहावें. पुढें अंगण, अंगणाच्या बाजूला दगडी ओटा, मग पडवी, आंत एक खोली व निजावयाचा दगडी कट्टा, एवढाच बहुतेक विहारांचा संसार. आतां दृष्टि वर न्यावी. दर्शनी भागावर कातळांत कोरलेल्या बारीक पन्हाळी दिसतात. डोंगराच्या उतारावरून येणारें पाणी दारांत न कोसळतां या पन्हाळींनीं एका बाजूस वळतें, आणि अंगणाच्या कडेला असलेल्या चौकोनी तोंडाच्या टांक्यांत उतरतें. टांक्याचें तोंड लहान, पण पोट मोठें. बहुधा तें अंगणाच्या खालींच पसरलेलें असतें. तोंड लहान असल्यामुळें ऊन आंत शिरत नाहीं, पाणी थोडें आटतें, पालापाचोळा कमी पडतो, आणि वर झांकण घालणेंही सोपें जातें. एका विहाराला एक टांकें, कोठें दोन, असा क्रम डोंगरभर चालू आहे. विहार आणि टांकें हीं दोन्ही एकाच आराखड्याचीं अंगें आहेत, हें पाहतांच ध्यानांत येतें.

या टांक्यांना शिलालेखांत 'पोढि' असा शब्द आहे. पिण्याच्या पाण्याचें टांकें तें 'पाणियपोढि'. लेण्यालाही तेथें 'लेण' असेंच म्हटलें आहे. दोन हजार वर्षें झालीं तरी 'लेणें' हा शब्द आपल्या घरांत नांदतो आहे, आणि सह्याद्रीच्या किल्ल्यांवर हिंडणारीं मुलें अजूनही खडकांतल्या टांक्याला 'पोढी' म्हणतात. कान्हेरीस शंभराच्या आसपास शिलालेख सांपडले आहेत. त्यांतील लेणीं-टांकीं कोरविणारे लोक कल्याण, सोपारा, नाशिक, चौल अशा गांवांचे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, भिक्षु आहेत, भिक्षुणीही आहेत. कल्याणच्या सामिदत नांवाच्या एका सोनारानें पाणियपोढि दिल्याचा लेख आहे. कित्येकांनीं 'अक्षयनीवि' ठेवली. म्हणजे मूळ रक्कम किंवा जमीन कायम राखून तिच्या उत्पन्नांतून भिक्षूंना चीवर मिळावें अशी तजवीज केली. मंगलस्थान या गांवांतील शेताचा अशा दानांत उल्लेख आहे. तें गांव म्हणजे आजच्या बोरिवलीजवळचें मागाठाणें होय. डोंगरावरचा धर्म आणि डोंगराखालचें शेत यांची सांगड अशी व्याजाच्या हिशेबानें बांधलेली होती.

सर्वांत महत्त्वाचा लेखही एका टांक्यावरचाच आहे. पांचव्या क्रमांकाच्या लेण्यापाशीं असलेल्या या लेखाचीं अक्षरें बरीच झिजलीं आहेत. उरल्या अक्षरांवरून एवढें कळतें कीं, वासिष्ठीपुत्र श्रीसातकर्णि या सातवाहन राजाची राणी कार्दमक कुलांतील होती, ती एका महाक्षत्रपाची कन्या होती, आणि सतेरक नांवाच्या अमात्यानें हें पाण्याचें टांकें दान दिलें. राणीचें नांव गेलें आहे. तिच्या पित्याच्या नांवाचें 'रु' एवढेंच अक्षर राहिलें आहे. परंतु त्या एका अक्षरावरून विद्वानांनीं त्यास रुद्रदामन् ठरविलें, आणि इतिहासाचा एक मोठा दुवा जुळला. सातवाहन आणि क्षत्रप हीं दोन घराणीं पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांसाठीं पिढ्यान्‌पिढ्या लढत होतीं. त्यांच्यांत सोयरीक झाली होती, ही गोष्ट या टांक्याच्या लेखानें सांगितली.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सौराष्ट्रांत आहे. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशीं एका मोठ्या शिळेवर रुद्रदामनाचा इसवी सन १५० चा संस्कृत लेख आहे. त्यांत तो म्हणतो कीं, दक्षिणापथाचा स्वामी सातकर्णि यास आपण दोनदां उघड युद्धांत जिंकलें, परंतु जवळच्या नात्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं. लेखाचा मुख्य विषय मात्र युद्ध हा नाहींच. तो आहे सुदर्शन नांवाच्या तलावाचा. चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं बांधलेला हा तलाव एका भयंकर वादळांत फुटला, आणि रुद्रदामनाच्या सुविशाख नांवाच्या अमात्यानें तो पुन्हां बांधून काढला. प्रजेवर नवा कर न बसवितां, वेठ न घेतां आपल्या खजिन्यांतून हें काम केलें, असें राजा अभिमानानें नमूद करतो. पित्याचें नांव धरणाच्या डागडुजीमुळें राहिलें, कन्येची ओळख टांक्याच्या दानामुळें राहिली. ज्या लढायांनीं त्या काळचें जग हालून गेलें असेल, त्यांच्या जागा आज कोणी दाखवूं शकत नाहीं. पाण्याच्या या दोन कामांची नोंद मात्र दगडावर टिकली.

आतां वर राखून ठेवलेल्या प्रश्नांचीं उत्तरें. लेण्यांचें कोरीवकाम इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालें आणि दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत या विहारांत वस्ती राहिली. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह सर्वांत भव्य आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णि राज्य करीत असतां, तें घडलें. लांबी सुमारें २६ मीटर, रुंदी सुमारें १२ मीटर, आंत ३४ खांब आणि शेवटीं स्तूप. पडवीच्या दोन्ही टोकांस सुमारें सात मीटर उंचीच्या बुद्धाच्या उभ्या मूर्ति आहेत. त्या चैत्यगृहानंतर तीनेकशें वर्षांनीं कोरल्या गेल्या. अकराव्या क्रमांकाच्या लेण्यास लोक 'दरबार' म्हणतात. तेथें जमिनीसरशा दोन लांबलचक दगडी बैठका आहेत. चौतिसाव्यांत छतावर रंगांत काढूं घेतलेलीं आणि अर्धीच सोडलेलीं बुद्धाचीं चित्रें आहेत. एकेचाळिसाव्यांत अकरा मुखांचा अवलोकितेश्वर आहे. हिंदुस्थानच्या लेण्यांत असें शिल्प दुसरीकडे दिसत नाहीं. डोंगरावरून हिंडतांना वाट म्हणून ज्या पायऱ्या पायाखालीं येतात, त्याही त्याच कातळांत कोरलेल्या आहेत.

सातवाहन गेले तरी डोंगर ओस पडला नाहीं. १८३९ सालीं डॉक्टर जेम्स बर्ड यांना येथील एका स्तूपांत ताम्रपट सांपडला. तो त्रैकूटकांच्या शकाच्या २४५ व्या वर्षाचा, म्हणजे इसवी सन ४९४ च्या सुमाराचा आहे, आणि त्यांत 'कृष्णगिरि महाविहार' असें या स्थानाचें नांव आहे. नवव्या शतकांत राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे मांडलिक, कोंकणचे शिलाहार राजे पुल्लशक्ति व कपर्दी, यांच्या कारकीर्दींतील तीन लेख येथें आहेत. त्यांत डागडुजीसाठीं, भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं आणि ग्रंथांसाठीं द्रम्म ठेवल्याची नोंद आहे. एक दाता तर दूर गौड देशांतून, म्हणजे बंगालकडून, आलेला होता. ग्रंथांसाठीं पैसा ठेवला जातो, तेव्हां तेथें विद्याही नांदत असली पाहिजे. पुढें नव्वदाव्या क्रमांकाच्या लेण्यांत पहलवी लिपींत पारशी यात्रेकरूंनीं आपलीं नांवें दिनांकासह कोरलीं. ते लेख १००९ आणि १०२१ या सालांचे आहेत. परधर्माचे लोक येथें सहज येऊन नांवें कोरून जातात, यावरून तोंवर मूळ वस्ती विरळ झाली असावी असें वाटतें. भिक्षु गेले, पन्हाळींत पालापाचोळा साचला, पण टांकीं भरतच राहिलीं.

१५३४ मध्यें साष्टी पोर्तुगीजांच्या हातीं गेली. त्यांच्या लेखकांनीं या लेण्यांचें आश्चर्यानें वर्णन केलें आहे. जमिनीखालून खंबायतपर्यंत भुयार जातें, अशी दंतकथाही त्यांनीं लिहून ठेवली. जवळच्या मंडपेश्वर येथील शैव लेण्याचें त्यांनीं देऊळपण मोडून प्रार्थनामंदिर केलें. १७३७ मध्यें मराठ्यांनीं साष्टी जिंकली, १७७४ मध्यें इंग्रजांनीं ती घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें ती त्यांच्याकडे कायम झाली. या सर्व काळांत कान्हेरी हें वाघ-बिबट्यांचें आणि हौशी प्रवाशांचें ठिकाण होऊन राहिलें.

डोंगराच्या पाण्याची गरज पुन्हां पडली ती मुंबई शहराला. १८४३ मध्यें मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क नाहूरच्या शेजारच्या भांडुप येथें आले असतां, मुंबईपासून ठाणें-कल्याणपर्यंत आणि घाटांच्या दिशेनें लोहमार्ग न्यावा, ही कल्पना त्यांना प्रथम सुचली, असें रेल्वेच्या इतिहासांत नोंदलें आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली, ती याच डोंगराच्या पायथ्यावरून. शहर वाढत होतें, आणि त्याचीं विहिरी-तळीं मात्र तेवढींच होतीं. १८५४ सालीं पाण्याची मोठी टंचाई पडली. तेव्हां हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेप्रमाणें मिठी नदीचा प्रवाह वरच्या अंगासच अडवावयाचें ठरलें. १८५६ मध्यें काम लागलें आणि १८६० मध्यें विहार तलावाचें पाणी नळांनीं शहरांत आलें. तेंही पुरेना, म्हणून १८७९ मध्यें त्याच्या वरच्या बाजूस तुळशी तलाव पुरा झाला. कान्हेरीच्या भिक्षूंनीं जें एकेका अंगणापुरतें केलें होतें, तेंच नगरानें आतां खोऱ्यापुरतें केलें. दोन्ही ठिकाणीं तत्त्व एकच: पाऊस पडतो तेथेंच त्याला अडवावें.

या दोन तलावांनीं आणखी एक उपकार केला. पिण्याचें पाणी स्वच्छ राहावें म्हणून त्यांच्या पाणलोटाचा प्रदेश वस्तीपासून मोकळा ठेवावा लागला. आज जें अरण्य संजय गांधी राष्ट्रीय उद्यान या नांवानें ओळखलें जातें, तें शहराच्या मध्यावर टिकून राहण्याचें हें एक मोठें कारण आहे. या अरण्यांत सुमारें पन्नास बिबटे आहेत. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या येथेंच उगम पावतात. कारवीचें झुडूप आठ वर्षांतून एकदां फुलतें, तेव्हां उतारच्या उतार जांभळे होतात. २०१६ आणि २०२४ हीं तिच्या फुलोऱ्याचीं वर्षें होतीं. पाड्यांवर राहणारे वारली याच कारवीच्या काठ्यांच्या कुडावर शेणमाती लिंपून भिंती उभारीत आले आहेत, आणि वाघोबाला देव मानून अरण्याशीं शेजार राखीत आले आहेत. लेणीं कोरणारे, तलाव बांधणारे आणि हे पाडे वसविणारे, तिघांनींही डोंगर वापरला; परंतु वारल्यांनीं त्यासाठीं कोणत्याही दगडावर आपलें नांव घातलें नाहीं.

पाण्याचा हिशेब चुकला म्हणजे काय होतें, याचाही धडा जवळच आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. विहार भरून वाहूं लागला. त्याच्या सांडव्याचें पाणी मिठी नदींतून माहीमच्या खाडीकडे निघालें. परंतु नदीचें पात्र भराव, वस्ती आणि कचरा यांनीं आवळलेलें होतें. पाण्याला वाट उरली नाहीं, तेव्हां तें घरांत शिरलें. पेट्राच्या घळींतही १९६३ सालीं असेंच घडलें. नबात्यांनीं पूर वळविण्यासाठीं घातलेला बांध कालांतरानें निकामी झाला होता. अकस्मात आलेल्या लोंढ्यांत वीसांहून अधिक प्रवासी बुडाले, आणि मग जुन्याच जागीं नवा बांध घालावा लागला. जुन्या लोकांनीं पन्हाळ कोठें आणि कां कोरली, हें विसरणें महाग पडतें.

आज मुंबईचें बहुतेक पाणी तानसा, वैतरणा आणि भातसा या दूरच्या खोऱ्यांतून येतें. विहार-तुळशीचा वाटा त्यांत थोडाच राहिला आहे. त्या दूरच्या पाण्याचा फार मोठा भाग मात्र याच डोंगराच्या कुशींत, भांडुपच्या संकुलांत शुद्ध होऊन शहरांत जातो. नाहूरच्या पूर्वेकडील खाडींत हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. २०१५ मध्यें तो भाग अभयारण्य झाला व २०२२ मध्यें आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादींत आला. आणि गोरेगांवास मुलुंडशीं जोडणाऱ्या नव्या रस्त्याच्या योजनेंत, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटांतून सुमारें ४.७ किलोमीटर लांबीचे दोन बोगदे धरलेले आहेत. त्यांच्या कामाची पायाभरणी १३ जुलै २०२४ रोजीं झाली. हा रस्ता नाहूरवरूनच जावयाचा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत छिन्नी शिरली, आतां यंत्र शिरावयाचें. डोंगर खोदणें हें पाप आहे, असें कान्हेरी पाहणारा म्हणूं शकणार नाहीं. ती स्वतःच खोदकामांतून जन्मली आहे. परंतु खोदणाऱ्यानें पाण्याची वाट आधीं आंखावी आणि मग छिन्नी उचलावी, ही शिस्त त्या खोदकामानें घालून दिली आहे. नव्या खोदकामाची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी.

नाहूरकरांस कान्हेरीस जावयाचें, तर बोरिवलीच्या बाजूनें उद्यानाच्या मुख्य दारांतून जावें लागतें. तेथून लेणीं सहा-सात किलोमीटरांवर आहेत. सोमवारीं उद्यान बंद असतें. हिवाळ्यांत चालणें सुखाचें होतें आणि शिल्पें निवांतपणें पाहतां येतात. पण ज्याला हा डोंगर समजून घ्यावयाचा आहे, त्यानें श्रावणांत, पाऊस पडत असतां, एकदां तरी जावें. मोठ्या मूर्तींपाशीं गर्दी असेल. त्यानें बाजूच्या एखाद्या लहान विहारापुढें ओट्यावर बसावें. कातळ निसरडा असतो, तेव्हां घाई करूं नये. कपाळपट्टीवरील पन्हाळींतून पाण्याची धार अजूनही वळते, अंगणाच्या कडेनें धांवते, आणि कोण्या सोनारानें किंवा भिक्षुणीनें दिलेल्या पोढींत पडते. पिणारे निघून गेले त्यास हजार वर्षें होत आलीं. तरी कोरणाऱ्याचा हिशेब दर पावसाळ्यास बरोबर येतो.